जनावराच्या मागील गुडघ्याचे बंध : बैलाचे व कुत्र्याचे लंगडेपण आणि त्यांवरील स्वल्प खर्चाची शस्त्रक्रिया

जनावर मागील पायाने लंगडू लागले म्हणजे त्याचे पुढे काय होते हे आपणां शेतकऱ्यांस ठाऊक आहे. बैल असला तर प्रथम त्याच्या मांडीवर डागण्या पडतात. डागण्यांनी गुण आला नाही म्हणजे बिब्बा, त्यानेही भागले नाही म्हणजे आठवड्याचा बाजार. आणि तेथे लंगड्या बैलास कोण विचारतो? २०१५ पासून आपल्या राज्यात बैलाच्या कत्तलीसही कायद्याने बंदी आहे. तेव्हा निकामी ठरलेला बैल दावणीस उभा राहून वैरण खाणार, हे ठरलेलेच. कुत्रा असला तर त्याच्या पायाकडे बहुधा कोणी पाहतच नाही. तीन पायांवर उड्या मारीत तो जगतो तोवर जगतो.

वास्तविक यांपैकी पुष्कळ जनावरांचे दुखणे मागील पायाच्या गुडघ्यात असते, आणि त्यावर इलाज आहे. बैलाच्या गुडघ्याचा एक बंध नको तेथे अडकतो. तो कापावा लागतो. कुत्र्याच्या गुडघ्यातील एक बंध तुटतो. त्याची उणीव दोऱ्याने भरून काढावी लागते. एकात कापणे, दुसऱ्यात बांधणे. परंतु दोहोंतही मोठी यंत्रसामग्री लागतेच असे नाही, आणि वेळेवर निर्णय केल्यास खर्च सामान्य शेतकऱ्याच्या आवाक्यात राहतो, हे या लेखात सांगावयाचे आहे.

आम्ही पशुवैद्य नव्हे. महसूल खात्यातील कारकुनीत साक्री तालुक्याची गावे पीकपाहणीच्या व पंचनाम्यांच्या निमित्ताने पायाखाली घातली, तेव्हा मागील पाय ओढीत चालणारे बैल आणि पाय उचलून धावणारी कुत्री पुष्कळ दृष्टीस पडली. त्यावरून या विषयाची गोडी लागली, आणि जाणत्यांस विचारून व वाचून जे खात्रीचे वाटले तेवढेच येथे मांडीत आहोत.

१. जनावराचा गुडघा कोठे असतो?

बैलाच्या पुढील पायाच्या मध्यावर जो सांधा दिसतो त्यास आपण गुडघा म्हणतो. पण तो खरा आपल्या मनगटाच्या जागी आहे. मागील पायात जो सांधा मागे टोक काढून वळलेला दिसतो, तो आपल्या टाचेच्या जागी होय. खरा गुडघा याहून पुष्कळ वर, कुशीची सैल कातडी जेथे मांडीस येऊन मिळते तेथे असतो. बैल उभा असता त्या जागी हात ठेवून त्यास दोन पावले चालवावे, म्हणजे हाताखाली एक हाड वरखाली सरकताना लागते. तीच गुडघ्याची वाटी. कुत्र्याचा गुडघाही मांडीच्या खालच्या टोकास, पोटाजवळच असतो.

या सांध्यात मांडीचे हाड वर व नडगीचे हाड खाली असते. मांडीच्या हाडाच्या पुढील बाजूस एक खाच असून वाटी त्या खाचेत वरखाली सरकते. ज्यांनी मोट चालताना पाहिली आहे त्यांस ही रचना चटकन समजेल. मोटेच्या चाकाच्या खाचेत नाडा जसा बसतो व फिरतो, तशी वाटी खाचेत चालते. हाडास हाड बांधून ठेवणारे जे चिवट पांढरे पट्टे असतात त्यांस अस्थिबंध म्हणतात. पुढे आपण त्यांस नुसते बंध म्हणू. बैल, म्हैस व घोडा यांच्या वाटीस खाली नडगीकडे जाणारे असे तीन बंध असतात : एक आतील बाजूचा, एक मधला व एक बाहेरील बाजूचा. कुत्र्याच्या वाटीस असा एकच बंध असतो. हा भेद लक्षात ठेवावा, कारण बैलाची व्यथा या तिसऱ्या, म्हणजे आतील बंधातूनच उत्पन्न होते.

२. बैलाची वाटी अडकणे

मोटेचा नाडा खाचेतून निसटून चाकाच्या कडेवर चढला म्हणजे मोट जागच्या जागी अडते. बैलाच्या गुडघ्यातही तसेच घडते. मांडीच्या हाडाच्या खाचेची आतील कड उंच व बोथट असते. पाय मागे ताणला जाऊन वाटी वर गेली, की आतील बंध या कडेवर आकड्यासारखा अडकून बसतो. मग गुडघा वाकत नाही. पाय ताठ होऊन मागे राहतो, खुराचे टोक जमिनीवर घासत जाते, आणि काही वेळाने बंध सुटला म्हणजे पाय एकदम झटका देऊन पुढे येतो. कित्येक बैलांत सकाळी उठल्यावर पहिली दहावीस पावले हा प्रकार दिसतो व चालल्यावर कमी होतो. कित्येकांत दर पावलास झटका बसतो. आणि विकार वाढला म्हणजे पाय मागे ताठच राहतो. खुराचे पुढील टोक झिजलेले दिसले तर हा विकार जुना आहे असे समजावे.

हा विकार आपल्या देशात बैलांत व म्हशींत चांगलाच परिचयाचा आहे. ज्यांचे मागील पाय जन्मतःच सरळ उभे असतात, जी जनावरे खुराकाअभावी रोडावली आहेत, ज्यांच्या मांडीचे स्नायू ढिले पडले आहेत, त्यांत तो अधिक आढळतो. पायाची ठेवण पिढीजात असते, म्हणून असा विकार असलेला गोऱ्हा पैदाशीस वळू म्हणून ठेवू नये.

हे लंगडेपण बहुधा दुखण्याचे नसते, अडकण्याचे असते. सबब जाळून, भाजून किंवा चोळून ते जाणार कसे? चाकाच्या कडेवर चढलेला नाडा बाहेरून तापविल्याने खाली उतरत नाही. डागणीने कातडी जळते, जखम चिघळते, पावसाळ्यात तीत किडे पडतात, आणि बंध आहे तेथेच राहतो. डागल्यावर बैल काही दिवस बरा चालला असे कोणी सांगतात; परंतु विकार कमीअधिक होणारा असल्यामुळे आणि त्या दिवसांत बैलास विसावा मिळाल्यामुळे तसा भास होतो.

३. वाटीचा बंध कापणे

या विकारावरील शस्त्रक्रिया पशुवैद्यकातील सर्वांत लहान शस्त्रक्रियांपैकी एक आहे. आतील बंध नडगीच्या हाडास जेथे चिकटतो त्याच्या किंचित वर तो कापावयाचा, एवढेच तिचे स्वरूप. आदल्या दिवसापासून वैरण बंद ठेवतात, कारण भरल्या पोटाचा बैल आडवा पाडल्यास पोट फुगण्याचे व श्वास कोंडण्याचे भय असते. बैल मऊ जागी पाडून दुखरा पाय खाली राहील असा बांधतात, म्हणजे त्या पायाची आतील बाजू डॉक्टरांसमोर मोकळी राहते. गरीब स्वभावाच्या जनावरात हे काम उभ्यानेही करतात. जागेवरील केस काढून, ती औषधी पाण्याने स्वच्छ करून, सुईने बधिर करतात. नंतर कातडीस लहानसा छेद देऊन आतील व मधला या दोन बंधांच्या मधून बोथट टोकाची, किंचित वाकडी सुरी आतील बंधाखाली सरकवितात, तिची धार वर करतात आणि बंध कापतात. बंध तुटल्याचे हातास स्पष्ट लागते व तेथे पोकळी जाणवते. कातडीस एखाददुसरा टाका पडतो. छेद अगदी लहान असल्यास तोही लागत नाही. सराईत हातास हे काम थोड्या मिनिटांचे आहे, आणि निदान बरोबर असल्यास बैल उठल्याबरोबर पाय मोकळा टाकताना दिसतो.

येथे वाचक विचारील की, बंध कापल्याने गुडघा दुबळा होत नाही काय? मधला व बाहेरील असे दोन बंध शाबूत असतात आणि वाटी त्यांच्या आधाराने चालते. तरी कापलेली जागा भरून येईपर्यंत बैलास निदान तीन आठवडे जू लावू नये. डॉक्टरांनी अधिक सांगितल्यास अधिक. धोके अगदीच नाहीत असे नाही. सुरी सांध्याच्या आत गेली किंवा स्वच्छता राहिली नाही तर सांधा पिकतो. बंध अर्धवट कापला गेला तर विकार राहतो. आणि निदान चुकले, म्हणजे खुबा निखळला असता वाटीचा बंध कापला, तर काहीच साधत नाही. म्हणून हे काम नोंदणीकृत पशुवैद्यकाकडूनच करून घ्यावे. १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियमाचाही हेतू तोच आहे. जनावर गाभण असल्यास ते आधी सांगावे, कारण गाभण जनावर आडवे पाडणे जोखमीचे असते.

घाई नसेल तर रब्बीचे खळे उरकल्यावर व मृगापूर्वी हे काम करून घेणे सोयीचे. तेव्हा बैलास काम थोडे, जमीन कोरडी आणि माश्यांचा उपद्रव कमी. पेरणीच्या तोंडावर बैल अडला म्हणजे मग धावाधाव करावी लागते.

४. कुत्र्याच्या गुडघ्यातील फुलीचे बंध

आता कुत्र्याकडे वळू. पिंपळनेरच्या पश्चिमेस डोंगर सुरू होतात व बिबट्याचा वावर असतो. मळ्यातील वस्तीवर आणि ठेलारी मेंढपाळांच्या वाड्यांवर रात्रीचा खरा पहारा कुत्र्याचाच. ज्याचा मागील पाय गेला तो कुत्रा भुंकेल, पण धावून जाणार नाही. आणि बिबट्या आला तर पळूनही जाऊ शकणार नाही.

कुत्र्याच्या गुडघ्यात, सांध्याच्या अगदी आत, दोन बंध एकमेकांस फुलीसारखे ओलांडून जातात. त्यांतील पुढील बंधाचे काम असे की, नडगीचे हाड मांडीच्या हाडाखालून पुढे सरकू नये व आतील बाजूस पिळू नये. दोन हाडांच्या मध्ये कूर्चेच्या दोन चकत्या असतात. त्या गादीचे काम करतात. पुढील बंध तुटला म्हणजे कुत्र्याने पाय टेकताच नडगी पुढे घसरते, आणि तिच्या घसरण्याने आतील बाजूची चकती चुरडली जाते. बंध नुसता तुटलेला असणे आणि चकती फाटलेली असणे, यांत दुखण्याचा मोठा फरक आहे. म्हणून दिवस दवडू नयेत.

माणसाचा हा बंध बहुधा खेळताना एका झटक्यात तुटतो. कुत्र्यात बहुतेक वेळा तसे नसते. त्याचा बंध महिनोन् महिने आतून विरत जातो, आणि मग ओढा ओलांडताना किंवा बांधावरून उडी घेताना लहानशा पिळाने तुटतो. जुना सोंदूर शेवटच्या ओझ्याने तुटला तरी दोष त्या ओझ्याचा नसून विरलेल्या धाग्यांचा असतो, तसे हे आहे. यावरून दोन गोष्टी निघतात. एक, ज्याचा एक गुडघा गेला त्याचा दुसराही पुढे जाण्याचा संभव मोठा. अशी कुत्री तिसऱ्या हिश्शाहून कमी नसतात. दुसरी, लठ्ठ कुत्र्याच्या गुडघ्यावर भार अधिक म्हणून त्यास भयही अधिक. लॅब्राडोर व रॉटवायलर या भारी जातींत हा विकार विशेष दिसतो, आणि अशा जातींची कुत्री हल्ली खेड्यांतील बंगल्यांच्या दारांतही दिसू लागली आहेत.

५. परीक्षा

कुत्रा मागील पाय टेकेनासा झाला म्हणजे आधी पंजा पाहावा. बाभळीचा काटा, काच, नखाची जखम ही कारणे प्रथम वगळावीत. तपासताना तोंडास फडक्याची मुसकी बांधावी, कारण दुखऱ्या पायास हात लावल्यावर घरचा कुत्राही चावतो. पंजा निर्दोष असेल तर पुढील खुणा पाहाव्यात : पाय उचलून धरणे किंवा नुसती बोटे टेकणे, बसताना दुखरा पाय आत न दुमडता बाहेर फेकून बसणे, काही आठवड्यांनी त्या मांडीचा स्नायू दुसऱ्या मांडीहून बारीक दिसणे, गुडघ्याच्या आतील बाजूस जाड गाठीसारखी सूज लागणे. या खुणा असल्या म्हणजे संशय फुलीच्या बंधाचा धरावा.

निश्चय डॉक्टर करतात. एका हाताने मांडीचे हाड स्थिर धरून दुसऱ्या हाताने नडगी पुढे ढकलली असता, बंध तुटलेला असेल तर ती मेजाच्या खणासारखी पुढे सरकते. निरोगी मोठ्या कुत्र्यात तशी सरकत नाही. भेदरलेला कुत्रा पाय ताठ धरतो. त्यास थोडी गुंगी देऊन ही परीक्षा करतात. क्ष-किरण चित्रात बंध दिसत नाही. परंतु सांध्यातील पाणी, झिजेने वाढलेली हाडे आणि इतर मोड असल्यास ती दिसते. सबब चित्र काढण्याचा खर्च वाया गेला असे समजू नये.

६. कोणास विसावा, कोणास शस्त्रक्रिया

येथे एक आकडा प्रत्येकाने लक्षात ठेवावा : पंधरा किलो. अमेरिकेतील व्हासर नावाच्या पशुशल्यविशारदाने १९८४ मध्ये शस्त्रक्रिया न केलेल्या ८५ कुत्र्यांची पाहणी प्रसिद्ध केली. पंधरा किलोपर्यंत वजनाच्या कुत्र्यांपैकी सुमारे ८६ टक्के केवळ विसाव्याने बरे झाले अथवा सुधारले. त्याहून भारी कुत्र्यांत हे प्रमाण सुमारे १९ टक्केच होते. तेव्हा लहान कुत्र्यास सहा ते आठ आठवडे बांधून विसावा देणे, वजन कमी करणे व डॉक्टरांच्या सल्ल्याने वेदनाशामक देणे, हाच पहिला इलाज होय, आणि तो सर्वांत स्वस्तही आहे. इतके करूनही लंगडेपण राहिले तर चकती फाटल्याचा संशय घेऊन शस्त्रक्रियेचा विचार करावा. भारी कुत्र्यात मात्र वाट पाहण्यात हशील नाही.

कुत्र्याचे वजन करण्यास वेगळा काटा लागत नाही. धान्याच्या काट्यावर एकाने कुत्रा उचलून उभे राहावे, मग एकट्याने उभे राहावे, आणि वजाबाकी करावी. आपले गावठी कुत्रे पुष्कळदा या पंधरा किलोंच्या रेषेजवळच असतात. म्हणून अंदाज न करता वजनच करावे.

७. दोऱ्याची शस्त्रक्रिया

कुत्र्याच्या या बंधावरील शस्त्रक्रियेचा पाया फिनलंडातील साकी पात्सामा यांनी १९५२ मध्ये आपल्या प्रबंधात घातला. त्यांनी मांडीवरील आवरणाची पट्टी कापून ती सांध्यातून ओवली व तुटलेल्या बंधाच्या जागी बसविली. पुढे १९७० च्या सुमारास अमेरिकेत असे ध्यानात आले की, सांध्याच्या आत नवा बंध बसविण्याऐवजी सांध्याच्या बाहेरून मजबूत दोरा घालून नडगीस मागे धरून ठेवले तरी काम भागते. हीच आज सर्वांत अल्प खर्चाची व सर्वत्र परिचित पद्धत आहे.

तिची रीत अशी. कुत्र्यास पूर्ण भूल देतात. प्रथम सांधा उघडून आत पाहतात. फाटलेली चकती असल्यास तिचा सुटलेला भाग कापून काढतात. हे न पाहता नुसता दोरा घातला तर लंगडेपण पुष्कळदा राहते. नंतर मांडीच्या हाडाच्या मागे बाहेरील बाजूस वाटाण्याएवढे जे लहान हाड असते, त्याच्या मागून दोरा घालतात. नडगीच्या पुढील कंगोऱ्यास एक भोक पाडून त्यातून तोच दोरा ओवतात, आणि गुडघा योग्य कोनात धरून ताण देऊन गाठ मारतात किंवा धातूच्या लहान नळीने दाबून पक्का करतात. दोरा म्हणजे जाड एकपदरी नायलॉन, ज्या जातीचा मोठ्या माशांच्या गळास लावतात त्याच जातीचा, मात्र निर्जंतुक केलेला. यास हाडे कापण्याची करवत लागत नाही, पोलादी पट्टी लागत नाही. हाडास भोक पाडण्याचे साधन, नेहमीची शस्त्रे व जाणता हात, एवढी सामग्री पुरते.

हा दोरा आयुष्यभर टिकत नाही. काही महिन्यांत तो सैल पडतो किंवा तुटतोही. परंतु तोवर सांध्याच्या भोवती वणासारखे जाड तंतू तयार होऊन सांधा घट्ट होतो आणि पुढे तेच त्यास आवरतात. नवे रोप तग धरीपर्यंत त्यास काठीचा आधार द्यावा, आणि खोड जून झाल्यावर काठी कुजली तरी चिंता नसावी, त्यातलाच हा प्रकार. यामुळेच शस्त्रक्रियेनंतरचे दोन महिने शस्त्रक्रियेइतकेच महत्त्वाचे असतात. तंतू धरण्यापूर्वी कुत्रा धावला तर काठी आधी मोडते.

८. हाड कापण्याची पद्धत

मोठ्या शहरांत डॉक्टर आणखी एक पद्धत सुचवितात. ती अमेरिकेतील स्लोकम यांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केली. कुत्र्याच्या नडगीचा माथा सपाट नसून मागे उतरता असतो, म्हणून भार पडताच मांडीचे हाड मागे व नडगी पुढे घसरते. उतारावर उभी केलेली गाडी दोन रीतींनी थांबविता येते : तिला दोर बांधून धरावे, किंवा गाडीखालची जमीन सपाट करावी. दोऱ्याची पद्धत पहिली. स्लोकम यांची दुसरी. तीत नडगीचा माथा गोल करवतीने कापून, फिरवून, उतार कमी करतात व पोलादी पट्टी-स्क्रूंनी तो जखडतात.

भारी व चपळ कुत्र्यांत ही पद्धत काही अंशी सरस ठरते. त्यांत पाय लवकर व अधिक भार घेऊ लागतो, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. परंतु तिला विशेष शिक्षण, विशेष शस्त्रे, मोजमापाची क्ष-किरण चित्रे व पट्टी लागते, आणि खर्च त्या मानाने कैकपट होतो. ज्याची ऐपत आहे त्याने चाळीस किलोंच्या कुत्र्यास ती अवश्य करावी. ज्याची नाही त्याने 'एवढा पैसा कोठून आणू' म्हणून घरी परतू नये. दोऱ्याच्या पद्धतीनेही बहुसंख्य कुत्री चांगली चालू लागतात. काहीच न करणे आणि सर्वांत महाग ते करणे, यांच्या मध्ये एक वाट आहे. ती डॉक्टरांस आपण होऊन विचारावी.

९. कोठे जावे व हिशेब कसा मांडावा

बैलासाठी प्रथम आपल्या गावच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात जावे. तेथे शुल्क अल्प असते. बैल नेणे अशक्य असेल तर १९६२ या क्रमांकावर दूरध्वनी करून फिरत्या पशुवैद्यकीय पथकाची चौकशी करावी. गावी सोय न झाल्यास जिल्ह्याच्या ठिकाणचे पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय आहे. एका गावात असे चारपाच बैल असतील तर एकच दिवस ठरवून सर्व एकत्र आणावेत. जागा, माणसे व औषधे यांची सोय एकदाच होते आणि डॉक्टरांचाही वेळ सार्थकी लागतो. हे काम गावच्या शेतकरी मंडळाने अंगावर घेण्याजोगे आहे.

कुत्र्याच्या गुडघ्याचे काम प्रत्येक दवाखान्यात होत नाही. नाशिक, पुणे, मुंबई येथे लहान प्राण्यांची खासगी चिकित्सालये आहेत. याशिवाय २००० मध्ये नागपूर येथे स्थापन झालेल्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या महाविद्यालयांस रुग्णालये जोडलेली आहेत. त्यांत मुंबई, शिरवळ, परभणी, उदगीर व नागपूर येथील महाविद्यालये येतात. यांपैकी परळचे मुंबई पशुवैद्यक महाविद्यालय १८८६ पासूनचे, सर्वांत जुने. शिकविण्याच्या रुग्णालयात शुल्क खासगीहून सामान्यतः कमी असते. निघण्यापूर्वी दूरध्वनी करून दिवस ठरवावा, नाहीतर प्रवासाचाच खर्च शस्त्रक्रियेहून जड होतो.

पैसे भरण्यापूर्वी चार प्रश्न विचारावेत. पद्धत कोणती, दोऱ्याची की हाड कापण्याची? सांगितलेल्या रकमेत भूल, क्ष-किरण चित्र, औषधे व टाके काढणे आले काय? सांधा उघडून चकती पाहणार काय? आणि काही बिघडल्यास फेरतपासणीचा आकार वेगळा काय? आम्ही आयुष्यभर जमाबंदीचे कागद पाहिले; अनुभव असा की, रकमेवरून भांडण होते ते रक्कम मोठी म्हणून नव्हे, तर बाबी आधी लिहिल्या नाहीत म्हणून.

बैलाचा हिशेब तर उघडच आहे. एका बाजूस लहानशी शस्त्रक्रिया व तीन आठवड्यांचा विसावा. दुसऱ्या बाजूस पेरणी, कोळपणी व वाहतूक यांस दर वेळी भाड्याचे औत किंवा ट्रॅक्टर, जोडीतील दुसरा बैलही रिकामा, आणि शेवटी बैलाची पडती किंमत. दुखण्यावर होणाऱ्या खर्चाहून दुखणे तसेच ठेवण्याचा खर्च अधिक.

१०. शस्त्रक्रियेनंतरचे पथ्य

कुत्र्यास पहिले दोन आठवडे केवळ मलमूत्रासाठी, तेही दोरीने धरून, बाहेर न्यावे. टाके दहा ते चौदा दिवसांनी काढतात. तोवर त्याने जखम चाटू नये म्हणून मानेभोवती कागदी पुठ्ठ्याचे किंवा प्लॅस्टिकचे नरसाळे बांधावे. पुढील सहा आठवडे दोरीने सावकाश चालवावे व अंतर हळूहळू वाढवावे. मोकळे सोडणे, गच्चीवर किंवा गाडीत उडी मारू देणे, दुसऱ्या कुत्र्यांशी खेळू देणे वर्ज्य. विसाव्याच्या काळात भाकरी कमी करावी, कारण न धावणारा कुत्रा लवकर लठ्ठ होतो आणि दुसऱ्या गुडघ्याची पाळी ओढवून घेतो. जखमेतून पू येणे, पाय टेकू लागलेल्या कुत्र्याने तो पुन्हा उचलणे, यांपैकी काही दिसल्यास त्याच दिवशी डॉक्टरांस कळवावे.

बैलाची जखम कोरडी ठेवावी, गोठा स्वच्छ ठेवावा, माश्यांपासून रक्षण करावे, आणि रोडावलेल्या बैलास पेंड व हिरवी वैरण द्यावी. मांडी भरली म्हणजे दुसऱ्या पायाची वाटी अडकण्याचे भयही कमी होते.

११. जे करू नये

माणसांची वेदनाशामके कुत्र्यास घरच्या घरी देऊ नयेत. आयब्युप्रोफेन व डायक्लोफिनॅक यांनी कुत्र्याच्या पोटात व्रण पडून रक्तस्राव होतो, मूत्रपिंडे बिघडतात व प्राणही जातो. गुरांस डायक्लोफिनॅक टोचणे तर २००६ पासून बंद आहे. ते टोचलेले गुरू मेल्यावर त्याचे मांस खाऊन गिधाडे मेली, आणि आपल्या माळांवरून ती दिसेनाशी झाली. मेलॉक्सिकॅम हे औषध गिधाडांस निर्धोक ठरले आहे. तेच डॉक्टरांकडून घ्यावे.

डागणी व बिब्बा यांविषयी वर लिहिलेच आहे. आणखी एक : कुत्र्याचा गुडघा ओढून 'बसवून' देणाऱ्याकडे जाऊ नये. तुटलेला बंध ओढल्याने जुळत नाही. चकती मात्र फाटते.

ध्यानात ठेवण्याच्या गोष्टी

एक, बैलाचा पाय झटका देऊन पुढे येत असेल व खुराचे टोक झिजले असेल तर वाटी अडकते असे समजून, डागण्यापूर्वी दवाखान्यात न्यावे. दोन, कुत्रा मागील पाय टेकत नसेल तर आधी पंजा, मग गुडघा पाहावा, आणि वजन करावे. तीन, पंधरा किलोपर्यंत विसावा प्रथम. त्याहून भारी असल्यास शस्त्रक्रिया, आणि ती लवकर. चार, महागड्या पद्धतीचा आकडा ऐकून परतू नये. दोऱ्याची पद्धत विचारावी. पाच, शस्त्रक्रियेनंतरचे पथ्य मोडल्यास खर्च व यातना दोन्ही वाया जातात.

पोळ्यास आपण बैलाच्या शिंगांस बेगड लावतो, अंगावर झूल घालतो आणि पुरणपोळीचा घास देतो. त्याच वेळी त्यास अंगणातून चार पावले चालवून मागील पायांकडेही पाहावे, आणि उंबऱ्याशी बसलेला कुत्रा पाय कसा ठेवून बसला आहे तेही पाहावे. जे लक्षात येईल त्याचा निर्णय त्याच आठवड्यात करावा, एवढी आमची शेतकरी बंधूंस विनंती आहे.